बाळाच्या नावाची मिस्सा

वांद्र्याच्या डोंगरावर सप्टेंबरात मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा भरते, तेव्हा चढणीच्या दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. हात, पाय, डोळे, घर आणि बाळ. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते मेणात घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्याला धरून येणाऱ्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. कोळी येतात, मुंबईचे मूळचे कॅथलिक म्हणजे ईस्ट इंडियन येतात, गोवेकर येतात, आणि कपाळावर कुंकू असलेल्या बायकाही तितक्याच येतात. मेणाचं बाळ घेणारीचा धर्म दुकानदार विचारत नाही.

संपादकांनी या अंकासाठी ‘सांत्वन’ हा विषय दिला, तेव्हा मी त्या बाळांचाच माग काढायचं ठरवलं. मागणाऱ्या बायकांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मागितलेलं मिळालं आणि काही तासांत, काही दिवसांत हातातून गेलं, त्या घरांत पुढे काय होतं? ज्या देवापाशी मागितलं, त्याच्याचकडे परत जाववतं का?

मरोळच्या गावठाणातली एक बाई मला याबद्दल बोलायला तयार झाली, नाव न छापण्याच्या अटीवर. घर ईस्ट इंडियन, बोली मराठी, वय तिशीच्या आत. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिने डोंगरावर मेणाचं बाळ ठेवलं होतं आणि बोलली होती, की बाळ झालं की त्याला घेऊन पायऱ्या चढेन. मुलगा सातव्या महिन्यात झाला आणि दुसऱ्या रात्री गेला. पुढच्या सप्टेंबरात घरात वाद उभा राहिला. सासू म्हणत होती, बोललेलं फेडायला हवं. नवरा म्हणत होता, फेडायचं काय, दिलंय काय तिने? शेवटी ती एकटीच जाऊन फादरांना विचारून आली. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की तू कुणाचं काही देणं लागत नाहीस. जायचं असेल तर जा, नसेल तर नको. ती गेली. साधी मेणबत्ती घेतली. माउलीशी भांडायला गेले होते, असं ती मला म्हणाली, आणि भांडून आल्यावर त्या रात्री कित्येक महिन्यांनी झोप लागली.

ओंजळभर पाणी

तिच्या मुलाला नाव आहे. ते त्याला कसं मिळालं, ते समजून घ्यायला मी एका निवृत्त परिचारिकेकडे गेले. अंधेरीत महाकाली गुंफांच्या रस्त्यावर होली स्पिरिट हॉस्पिटल आहे, वांद्र्याला होली फॅमिली. जोगिणींनी चालवलेल्या अशा रुग्णालयांमुळे उपनगरांतल्या कित्येक पिढ्यांचा जन्म ‘सिस्टर’च्या हातात झाला. मात्र माझ्याशी बोललेल्या सिस्टर जोगीण नव्हत्या. त्यांची सगळी नोकरी वेगवेगळ्या प्रसूतिगृहांत गेली.

कॅथलिक नियम असा आहे, की बाप्तिस्मा एरवी धर्मगुरू किंवा डीकन देतो. पण जीव जायची वेळ आली असेल तर कुणीही देऊ शकतं. परिचारिका, आजी, शेजारीण. देणारी व्यक्ती ख्रिस्ती असण्याचीही अट नाही. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करायचं आहे, एवढी इच्छा पुरते. कपाळावर पाणी ओतायचं, बाळाचं नाव घ्यायचं, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते म्हणायचं. बाळ जगलं तर उरलेला विधी नंतर चर्चमध्ये होतो. गेलं तरी धर्मग्रामाच्या वहीत नोंद होते.

सिस्टरांनी सांगितलेला तपशील मी विसरू शकत नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत असतं, नळ्या लावलेल्या असतात, कपाळ दोन बोटांएवढं. तिथे पाणी ओतणार कुठे? त्या निर्जंतुक पाणी सिरिंजमध्ये भरून घ्यायच्या, अंगाच्या उबेइतकं कोमट करायच्या आणि थेंब थेंब सोडायच्या, कपाळावरून ओघळेल इतकंच. आधी आईला किंवा बापाला विचारायच्या, नाव काय ठेवायचं? पुष्कळदा ठरलेलं नसायचं. बाप भांबावून आपल्याच वडिलांचं नाव सांगायचा. सिस्टर म्हणाल्या, त्या प्रश्नाने खोलीतलं काहीतरी बदलायचं. तोवर सगळे वजनाबद्दल, ऑक्सिजनबद्दल बोलत असायचे. नाव विचारल्यावर ते मूल व्हायचं.

आणि बाळ पोटातच गेलेलं असेल तर? संस्कार जिवंतांसाठी असतात, त्यामुळे बाप्तिस्मा देता येत नाही. हे आईला सांगणं हे आपल्या कामातलं सगळ्यात अवघड काम होतं, असं त्या म्हणाल्या. पण त्या बाळासाठी प्रार्थना करता येते, त्याला नाव देता येतं, आईच्या हातात देता येतं. पूर्वी हे करत नसत. बाळ झाकून पटकन बाहेर न्यायचे, आईला दाखवायचंही नाही, म्हणजे ती लवकर विसरेल, असा समज होता. कुठलीच विसरली नाही, असं सिस्टर सांगतात.

कुंपणाबाहेरची बाळं

श्रद्धेने धीर दिला असं लिहिण्याआधी श्रद्धेच्याच नावाने काय दुखवलं गेलं, तेही लिहायला हवं.

चौथ्या-पाचव्या शतकातला संत ऑगस्टीन बाप्तिस्म्याशिवाय मेलेल्या तान्ह्यांबद्दल फार कठोर होता. जन्मजात पापातून ती सुटली नाहीत, म्हणून त्यांना स्वर्ग नाही, शिक्षा अगदी सौम्य असली तरी आहेच, असं त्याचं मत. मध्ययुगातल्या धर्मपंडितांना हे सोसेना. त्यांनी लिंबो मानला: तिथे यातना नाहीत, सुखही आहे, पण देवाचं दर्शन नाही. लिंबो हा चर्चचा अधिकृत सिद्धांत कधीच झाला नाही, तरी धर्मशिकवणीच्या वर्गांतून तो घराघरांत पोहोचला. १९१७च्या चर्च कायद्याने बाप्तिस्मा न झालेल्यांना चर्चचा दफनविधी नाकारला होता. त्याचा अर्थ गावोगावच्या आयांना नेमका कळत होता. बाकीचं घर पवित्र केलेल्या जमिनीत, आणि आपलं बाळ कुंपणाला लागून कुठेतरी, क्रुसाशिवाय. मेल्यावरही भेट नाही.

बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी हे भोगलं आहे. त्यांची पहिली मुलगी जन्मतःच गेली. घरच्या पुरुषांनी परस्पर पुरली. कुठे, ते आजींना कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. पुढे पाच मुलं झाली, नातवंडं झाली. रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना एक नमो मारिया त्या मनातल्या मनात तिच्यासाठी म्हणायच्या, आणि हे चुकतंय की काय, अशी भीतीही वाटायची. लिंबोतल्या बाळासाठी प्रार्थना चालते का, हे त्यांनी कुठल्याच पाद्रीबुवांना विचारलं नाही.

बदल हळूहळू आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या प्रार्थनाविधीत बाप्तिस्म्यापूर्वी गेलेल्या बाळाच्या अंत्यविधीची प्रार्थना आली. १९८३च्या नव्या चर्च कायद्याने सांगितलं, की आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती आणि बाळ आधीच गेलं, तर बिशपांच्या परवानगीने चर्चचा दफनविधी करता येतो. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाने अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवलं. २००७च्या एप्रिलमध्ये, सोळावे बेनेडिक्ट पोप असताना, व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र मंडळाने त्यांच्या संमतीने अहवाल प्रसिद्ध केला. लिंबोची कल्पना तारणाकडे फार संकुचित नजरेने पाहते, ही बाळं देवापाशी आहेत अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असा त्याचा आशय. त्यात खात्री नाही, आशा आहे. धर्मशास्त्र्यांनी मुद्दाम तेवढंच म्हटलं, आणि मला ते प्रामाणिक वाटतं.

आजींना हे एका रविवारच्या प्रवचनातून कळलं. मिस्सा संपल्यावर त्या फादरांकडे गेल्या आणि पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीसाठी मिस्सा मागितली. नाव विचारल्यावर त्यांना सांगता येईना, कारण ठेवलंच नव्हतं. तिथेच ठेवलं. काय ठेवलं ते त्यांनी मला सांगितलं, पण छापू नकोस म्हणाल्या.

दोन हातांची जागा

मुंबईत मेलेल्यांनाही जागेची टंचाई आहे. उपनगरांतल्या चर्चच्या दफनभूमीत कायमची कबर मोजक्या घराण्यांकडे असते. बाकीच्यांना ठरावीक काळापुरती मिळते. मुदत संपली की कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, ज्याला इथे सगळे ‘निश’ म्हणतात, आणि ती जागा पुढच्या माणसाला देतात. लहान मुलांच्या कबरी बहुधा एका बाजूला, जवळजवळ. दोन हात लांब, त्याहून कमी रुंद.

लहानग्याच्या दफनविधीत धर्मगुरू पांढरी वस्त्रं घालू शकतात. बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्यासाठी पापक्षमेची प्रार्थना नसते, कारण त्याने पाप केलेलंच नाही. ते थेट देवाकडे गेलं असं धरलेलं असतं, आणि प्रार्थनांचा सगळा रोख आईबापांकडे असतो. मरोळची ती म्हणाली, की तिला त्या दिवसाचं काहीही आठवत नाही, फक्त पांढरा रंग आठवतो. काळा किंवा जांभळा असता तर आपण कोसळलो असतो, असं तिला वाटतं.

कबरी खणणाऱ्या माणसाने मला जे सांगितलं, ते मी आधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मोठ्या माणसाची कबर उघडली की अस्थी मिळतात. तान्ह्या बाळाची उघडली की बहुधा हाती काहीच लागत नाही. हाडं कोवळी, मातीत मिसळून जातात. आईबाप निशसाठी डबा घेऊन आलेले असतात. हा माणूस तेव्हा त्या जागेतली ओंजळभर माती डब्यात भरून देतो. तसं करायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. मरोळच्या बाळाचा डबा त्याच्या पणजीच्या निशमध्ये ठेवला आहे, आणि दगडावर पणजीच्या नावाखाली त्याचं नाव कोरलं आहे, दोन तारखांसह, एकीला लागून दुसरी.

हे वाचताना अनेक हिंदू घरांतल्या बायकांना स्वतःचं काही आठवेल. तान्ह्या बाळाला आपल्याकडेही अग्नी देत नाहीत, पुरतात. आई बहुतेक वेळा दवाखान्यातच असते, पुरुष जाऊन येतात. दहावं-तेरावं होत नाही, वर्षश्राद्ध नाही, पितृपंधरवड्यात पान नाही. त्यामागे शास्त्र काय, ते जाणकारांनी सांगावं. मला दिसतं ते एवढंच, की त्या आईला रडायला कॅलेंडरात एकही दिवस उरत नाही. ख्रिस्ती आईला तो असतो. २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस, पुष्कळदा दिवाळीच्या आगेमागेच येतो. त्या संध्याकाळी दफनभूमीत मुंगीला वाट नसते. कबरी धुतात, झेंडू-शेवंतीने सजवतात, मेणबत्त्या लावतात, फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. छोट्या कबरींपाशी बसलेली आई तिथे वेगळी दिसत नाही, सगळेच कुणा ना कुणापाशी बसलेले असतात.

या गावठाणांना सामुदायिक मृत्यू नवा नाही. अंधेरीतल्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आवारात सेंट जॉन द बाप्टिस्टच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. जेजुइटांनी १५७९ साली बांधलेलं हे चर्च १८४०मध्ये साथ आली तेव्हा सोडावं लागलं. तिथल्या कोंडिवटे गावची माणसं मरोळला आली आणि चर्चही तिकडे हललं. १८९६च्या प्लेगनंतर उपनगरांत नाक्यानाक्यांवर क्रूस उभे राहिले, त्यांतल्या कित्येकांपुढे आजही मे महिन्यात शेजारीपाजारी जमून प्रार्थना म्हणतात. मरोळची ती सीप्झमध्येच एका दागिन्यांच्या युनिटात काम करते. कामावर परतल्यावर जेवणाच्या सुट्टीत त्या पडक्या भिंतींकडे बघत बसायची, म्हणाली. इथे किती जणींची गेली असतील, असं मनात यायचं.

जे बोलू नये

‘देवाला आवडला म्हणून नेला.’ ‘देवाला एक देवदूत हवा होता.’ ‘तू तरुण आहेस, दुसरं होईल.’ भेटलेल्या प्रत्येक आईला ही वाक्यं ऐकवली गेली होती, आणि प्रत्येकीला ती लागली होती. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण माझं लेकरू चोरणाऱ्या देवापुढे मी गुडघे कसे टेकू, असं घाटकोपरच्या एका बाईने मला विचारलं, आणि तिचं बरोबर होतं. ती मराठी प्रोटेस्टंट. तिच्या प्रार्थनासभेत कुणीतरी म्हणालं होतं, की विश्वास कमी पडला, नाहीतर बाळ वाचलं असतं. यापेक्षा निर्दय वाक्य मला ठाऊक नाही.

ते बायबलशीही जुळत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाबद्दल विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. त्या बाईच्या पाळकांनी तिला हाच अध्याय वाचून दाखवला. दावीद राजाच्या बाळाची गोष्ट मात्र त्यांनी जपून सांगितली, कारण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ते मरण दावीदच्या पापाशी जोडलं आहे. त्यांनी तेवढं बाजूला ठेवून पुढचं सांगितलं: बाळ आजारी असताना जमिनीवर पडून उपास करणारा बाप, ते गेल्याचं कळल्यावर उठतो, अंघोळ करतो, देवाच्या घरी जातो, जेवतो, आणि म्हणतो, की ते माझ्याकडे येणार नाही, मीच त्याच्याकडे जाईन. त्या भेटीच्या वचनावर ती बाई जगते. तिचा शब्द ‘जगते’ हाच होता.

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते राहेलने. हेरोदाने बेथलेहेममधली बाळं मारली, त्या प्रसंगी मत्तय यिर्मया संदेष्ट्याची आठवण देतो: राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि कुणाकडूनही सांत्वन करून घेत नाही. नाताळनंतर तीनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, त्या निष्पाप बाळांचा सण असतो आणि हा उतारा चर्चमध्ये वाचला जातो. समजूत घालून न घेणाऱ्या आईला या धर्माने गप्प केलेलं नाही, तिला वाचनात जागा दिली आहे. मारियेचंही तेच. दुःखी मातेचा सण १५ सप्टेंबरला, म्हणजे अनेक वर्षी मोत माउलीच्या जत्रेच्या आठवड्यातच येतो. बाळ कडेवर घेतलेली माउली आणि मेलेला मुलगा मांडीवर घेतलेली माउली एकच आहे. मरोळची ती ज्या माउलीशी भांडली, तिला हे कळत होतं, असं तिचं म्हणणं.

हे दुःख संतांच्या घरांनाही चुकलेलं नाही. २०१५मध्ये संतपदाला पोहोचलेल्या लुई आणि झेली मार्टिन या फ्रेंच जोडप्याच्या नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली. उरलेल्यांतली एक पुढे लिझ्यूची संत तेरेज झाली. मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती माणसाला त्याहून जवळचा दाखला आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी सॅम्युएल न्यूएल १८१२मध्ये पत्नी हॅरिएटसह कलकत्त्याला आला. कंपनी सरकारने राहू दिलं नाही. मॉरिशसच्या वाटेवर जहाजात हॅरिएटला मुलगी झाली आणि काही दिवसांतच गेली. ३० नोव्हेंबरला हॅरिएटही गेली, एकोणीस वर्षांची. न्यूएल घरी परतला नाही. १८१४मध्ये तो मुंबईला आला, मराठी शिकला, इथेच राहिला आणि १८२१मध्ये पटकीने इथेच वारला. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या पायाशी असं एक तान्ह्या मुलीचं मरण आहे.

ज्यांना धीर आला नाही

मरोळच्या बाळाचा बाप अजून मिस्सेला जात नाही. तो माझ्याशी थोडंच बोलला. त्याचं म्हणणं, बायकोला आराम पडतो तर चांगलं आहे, पण मला प्रश्न पडलेत आणि त्यांची उत्तरं कुणाकडे नाहीत. त्याचे फादरही हेच म्हणतात, की उत्तर माझ्याकडे नाही. ते महिन्यातून एखाद्या संध्याकाळी घरी येतात, त्याच्याशी कामाबद्दल, फुटबॉलबद्दल बोलतात, चहा पितात आणि जातात. चर्चला कधी येतोस, हे त्यांनी विचारलेलं नाही. मला त्या फादरांबद्दल आदर वाटला.

बापाचं दुःख कुठेच धरलं जात नाही, हेही खरं. आईसाठी कायदा तरी आहे. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याने मृतजात मूलही मूलच धरलं, आणि गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची रजा दिली. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मानंतर लगेच गेलं तर साठ दिवसांची विशेष रजा दिली. बाप मात्र दफन आटोपून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोकल पकडतो. डब्यातले मित्र विषय टाळतात.

कार्यालयातली वही

गेल्या वर्षी चकाल्यात एका घरी आठ दिवसांची मुलगी गेली. चर्चच्या शेजारगटाकडून मरोळच्या तिला निरोप आला, जाशील का? ती गेली. बायबल नेलं नाही. तांदळाची पेज करून नेली, कारण त्या आईला दूध येत होतं, अंगात ताप होता आणि तिला काही गिळवत नव्हतं. दूध आटवायचं कसं, डॉक्टरला काय विचारायचं, हे कुणीच सांगत नाही. ते तिने सांगितलं. पाळणा इतक्यात हलवू नका, असं घरच्यांना बजावलं. ती हो म्हणेल तेव्हाच हलवा. मग बाळाचं नाव विचारलं आणि संपूर्ण भेटीत बाळाला त्याच नावाने संबोधलं.

महिना भरताना दोघी मिळून चर्चच्या कार्यालयात मिस्सा लावायला गेल्या. वहीत मृतांसाठीच्या मिस्सा वेगळ्या लिहितात आणि वाढदिवसाच्या, आभाराच्या वेगळ्या. कारकुनाने सवयीने मृतांच्या बाजूला नाव घेतलं. आईने त्याला थांबवलं आणि विचारलं, की पुढच्या वर्षीच्या जन्मतारखेची मिस्सा आत्ताच लावता येते का. नवी वही डिसेंबरात उघडते, त्याने सांगितलं. पण मग खण उघडून एक कागद काढला, त्यावर मुलीचं नाव आणि तारीख लिहून घेतली, आणि समोरच विचारलं, वाढदिवस लिहू की आभार?

दोन्ही लिहा, ती म्हणाली.